चांदूर रेल्वेच्या वाटेवर दोन तास

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक उत्तरेला, अचलपूरच्या बाजूचे चांदूर बाजार. दुसरे आग्नेयेला, नागपूर-भुसावळ लोहमार्गावरचे चांदूर रेल्वे. एकाला बाजाराने ओळख दिली, दुसऱ्याला रेल्वेने. नुसते 'चांदूर' म्हणून एसटीत बसलेला परगावचा पाहुणा कधी कधी भलत्याच चांदुरात उतरतो. आमच्या नात्यातल्या एका लग्नाचे काही पाहुणे असेच निकाह होऊन जेवणाची देग रिकामी झाल्यावर पोहोचले होते.

रेल्वेचे नाव मिरवण्याचा या गावाला हक्कही आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. त्याच्या थोडे आधी, १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले होते. मुख्य मार्ग अमरावती शहरात न शिरता बडनेऱ्याहून सरळ पूर्वेला गेला. त्यामुळे जिल्ह्याचे शहर फाट्यावर राहिले आणि मालखेड, चांदूर, धामणगाव ही गावे मुंबई-हावडा मार्गावर आली.

मी मात्र त्या दिवशी रेल्वेने जात नव्हतो. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती. अम्मी धामणगावला आपाकडे राहायला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीला तिच्या डोळ्याचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले होते. उन्हात तिला एसटीच्या धक्क्यांनी आणण्यापेक्षा आपली मोटार घेऊन जावे आणि असरनंतर ऊन उतरले की तिला घेऊन परत यावे, असा बेत होता. मोटार जुनी, पेट्रोलची. दोन दिवसांपूर्वीच तिचा रेडिएटरचा एक पाईप चिरला होता. शहरातल्या एका मिस्त्रीकडून तो बदलून घेतला होता. त्याने पाईप बसवला, वरून पाणी भरले, झाकण लावले आणि "झाले सर, जा बिनधास्त" म्हणून सांगितले. मीही बिनधास्त निघालो.

अमरावतीहून चांदूर रेल्वेकडे जाणारा रस्ता पोहरा-मालखेडच्या जंगलातून जातो. पावसाळ्यानंतर हा रस्ता पाहावा, हिरवागार असतो. मे महिन्यात साग उघडे पडलेले असतात, खाली वाळलेल्या पानांचा सडा, आणि झाडांतूनही गरम हवाच अंगावर येते. जंगलातला चढ लागला आणि माझ्या लक्षात आले की तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवर नाही. तो हळूहळू लाल रेषेकडे सरकत होता. मी गाडी बाजूला घेतली.

इथे मी पहिली चूक केली, ती आधी सांगतो. वीसेक मिनिटेच थांबलो आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. फुस्सकन वाफ आली. हात वेळेवर मागे घेतला म्हणून वाचलो, अल्हम्दुलिल्लाह. रेडिएटरच्या झाकणाला आत स्प्रिंग असते आणि ती आतले पाणी दाबाखाली धरून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. या दाबाखाली ते साधारण ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि इतके तापलेले पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. दरवर्षी उन्हाळ्यात कितीतरी लोक असे भाजतात. वाचकांनी माझे अनुकरण करू नये.

वाफ गेल्यावर आत पाहिले तर पाणी काठापर्यंत होते. मी जवळच्या बाटलीतले ओतले, तर जेमतेम एक ग्लास मावले. म्हणजे टाकी भरलेली आणि गाडी तापलेली! थोडा वेळ थांबून पुढे निघालो. आठ-दहा किलोमीटर गेलो असेन, जंगल संपून शेते लागली होती, आणि काटा पुन्हा वर. चांदूर अजून थोडे पुढे होते. डाव्या हाताला एक पांदण शेतात चढत गेली होती आणि तिच्या तोंडाशी कडुनिंबाचे मोठे झाड होते. तिथे सावलीत गाडी थांबवली.

शेताच्या धुऱ्यावरून एक म्हातारे शेतकरी आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात विळा.

"काय झालं भाऊ? तापली काय गाडी?"

मी म्हणालो, "काका, पाणी काठोकाठ आहे, तरी तापते."

ते बॉनेटकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पानी भरलं हाये, मंग तापते कायले? आमच्या मोटरनं हवा धरली का असंच होते पाहा. फिरते गरगर, पन पानी फेकत नाई."

विहिरीवरच्या पंपाबद्दल ते बोलत होते. फूट व्हॉल्व्ह गळका झाला की पाईपातले पाणी उतरून जाते, पंपात हवा भरते आणि तो कोरडाच फिरत राहतो. मग वरून पाणी ओतायचे, हवेचा कॉक सैल करायचा, बुडबुडे संपून सलग धार आली की कॉक बंद करून मोटर चालू करायची. वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे काम येते. मोटारीच्या इंजिनावरचा छोटा पंपही त्याच जातीचा. तो पाणी ढकलू शकतो, हवा ढकलू शकत नाही.

मला खरे तर लाज वाटली. माझे विषय उर्दू आणि मराठी. पण शिक्षक कमी असल्यामुळे काही वर्षे सहावीचे विज्ञानही माझ्याकडे आहे. दरवर्षी मी वर्गात एक रिकामा ग्लास उपडा करून बादलीतल्या पाण्यात सरळ दाबतो. ग्लासात पाणी शिरत नाही. ग्लास तिरपा केला की बुडबुडा निघतो आणि तेवढीच जागा पाणी घेते. 'हवा जागा व्यापते' हे वाक्य मी मुलांकडून फळ्यावर लिहून घेतो. आणि माझ्याच गाडीत ती जागा व्यापून बसली असताना मी वरून पाणी ओतत होतो! नव्या पाईपातली आणि इंजिनातली हवा मिस्त्रीने काढलीच नव्हती. काठाशी दिसणारे पाणी खरे होते, पण त्याच्या खाली इंजिनाच्या पोटात पोकळी होती. जिथे पाणी पोहोचत नव्हते, तिथले लोखंड तापत होते.

काकांनी चांदूरच्या एका मिस्त्रीला फोन लावून दिला. तो लग्नाला बाहेरगावी गेला होता. म्हणाला, "संध्याकाळपर्यंत येतो." मला संध्याकाळी अम्मीला घेऊन परत जायचे होते. काकांची बैलांना पाणी पाजायची वेळ झाली होती. त्यांनी पाण्याच्या दोन कॅन आणून ठेवल्या, "लागन तेवढं घ्या, लाजू नका" म्हणाले आणि गेले. मी एकटा राहिलो.

हे काम मी पूर्वी पाहिले होते, पण ते दोघांचे काम होते. मरहूम अब्बा जीप चालवत. गाडीने हवा धरली की ते बॉनेटशी उभे राहत आणि मला सीटवर बसवत. पाय नीट पोहोचत नसत, तरी मी ॲक्सिलेटर दाबायचो. ते हात वर करत, मी दाबायचो. हात खाली करत, मी सोडायचो. आज सीटवर कोणी नव्हते. तेव्हा काम असे करायचे की समोरून हलावे लागू नये, एवढाच प्रश्न होता.

आधी गाडी पांदणीच्या चढावर थोडी पुढे घेतली, तोंड वर राहील अशी. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. नाक उंच असले की सर्वांत उंच जागा रेडिएटरचे तोंड होते आणि हवेला तिकडे येणे सोपे जाते. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला आणि मागच्या दोन्ही चाकांखाली दगड लावले. एकट्याने चढावर काम करताना दगड विसरून चालत नाही. गाडी मागे गेली तर धरायला कोणी नसते.

मग थांबणे. या वेळी घड्याळ लावून पाऊण तास. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो आणि मग खर्च हजारोंत जातो. जोहरची वेळ झालीच होती. काकांच्या कॅनमधून थोडे पाणी घेऊन वुजू केला, लिंबाखाली चादर अंथरून नमाज पढली. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणीच मिळते. माझा उंट निदान दगड लावून बांधलेला होता.

बसल्या बसल्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवली. मुलांची सहल घेऊन गेलो होतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ काही किलोमीटरवरून जमिनीखालच्या नळांतून पाणी येते आणि उंचावरून पडून जाते फिरवते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने शहरासाठी नहर आणली, तिच्या वाटेवरही असे दगडी मनोरे दिसतात. मुलांनी विचारले होते, "सर, नळ जमिनीखाली, मग हे खांब कशाला?" नळात अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी म्हणून. पुण्याच्या कात्रजहून शनिवारवाड्याकडे येणाऱ्या पेशवेकालीन नळावरही अशा जागा आहेत आणि त्यांना फार सुंदर नाव आहे, उच्छ्वास. ज्यांनी पाणी दूरवर नेले, त्यांना हवेची सोय आधी करावी लागली.

पाऊण तासाने वरचा जाड पाईप चिमटीत दाबून पाहिला. तो टणक लागला तर आत दाब आहे असे समजायचे आणि झाकणाला हात लावायचा नाही. तो मऊ लागला. तरीही झाकणावर दुपट्ट्याची घडी ठेवली, तोंड बाजूला केले, झाकण अर्धे फिरवून थांबलो आणि मगच पूर्ण काढले.

आता एकट्याची युक्ती. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली बुडाशी कापली, तिच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि ती उलटी करून रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवली. ट्यूबची पट्टी काकांच्या पाईपाच्या जोडावर बांधायच्या सामानातली. या नरसाळ्यात पाणी भरून ठेवले की दोन फायदे होतात. सर्वांत उंच जागा आता बाटलीतच असते, म्हणून हवा तिथेच येते. आणि पाण्याची पातळी खाली गेली तर बाटलीतले पाणी आपोआप आत जाते. प्रत्येक वेळी धावत येऊन ओतावे लागत नाही.

पुढचे काम मे महिन्यातल्या वऱ्हाडात विचित्र वाटेल: हीटर पूर्ण गरमवर लावला. आमच्याकडे हीटरला कोण हात लावतो? पण हीटरची छोटी जाळी डॅशबोर्डच्या मागे असते, तिच्यातूनही हेच पाणी फिरते आणि तिथेही हवा लपते. बटण बंद असेल तर काही गाड्यांत तिचा रस्ताच बंद राहतो.

पाणी सावकाश ओतले. वरचा पाईप दाबत-सोडत राहिलो. बाटलीत बुडबुडे येऊ लागले, एकेक, मग भरभर. इंजिन बंद असतानाच अर्धा लिटरहून जास्त पाणी आत गेले. मग इंजिन चालू केले आणि समोर येऊन उभा राहिलो. समोरून काटा दिसत नाही. म्हणून दर मिनिटाला जाऊन पाहायचे आणि मधल्या वेळात पाईपावरून ओळखायचे. सुरुवातीला वरचा पाईप गारच राहतो, कारण इंजिनातला थर्मोस्टॅट बंद असतो. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान गेले की तो उघडतो आणि पाईप एकदम गरम होतो. तो क्षण महत्त्वाचा. थर्मोस्टॅट उघडला आणि बाटलीतले पाणी झपकन खाली गेले, मागोमाग गुडगुड करत मोठा बुडबुडा वर आला. मी बाटली पुन्हा भरली.

ॲक्सिलेटरचे कोडेही सुटले. जुन्या गाडीत पायाखालची केबल इंजिनावरच्या एका छोट्या लिव्हरला येते. तो लिव्हर बोटाने हलका ओढला की समोर उभे राहूनच इंजिनाचा वेग वाढवता येतो. एका हाताने लिव्हर, दुसऱ्या हातात दुपट्टा धरून पाईप. ओढायचे, सोडायचे, दाबायचे, थांबायचे. पंख्यापासून हात, बाह्या आणि दुपट्ट्याचे टोक दूर ठेवायचे. विजेवर चालणारा पंखा सांगून चालू होत नाही, काही गाड्यांत तर इंजिन बंद असतानाही सुरू होतो. ओढणी घेऊन कोणी भगिनी हे काम करत असेल तर ती आधी नीट खोचून घ्यावी.

वीस-पंचवीस मिनिटे गेली. बुडबुडे बारीक झाले, मग थांबले. पंखा लागला आणि बंद झाला, पुन्हा लागला आणि बंद झाला. मी आत जाऊन हीटरच्या जाळीसमोर हात धरला. इतका वेळ तिथून कोमट हवा येत होती. आता कडक गरम हवा आली. बाहेर ४४ अंश आणि मी गरम हवेसाठी अल्लाहचे आभार मानतोय! पण त्याचा अर्थ एवढाच होता की पाणी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचले. काटा मध्यावर स्थिर होता. एकूण जवळजवळ दीड लिटर पाणी आत गेले होते. ज्या गाडीत सारे मिळून चारेक लिटर मावते, तिच्यात मी दीड लिटर हवा घेऊन जंगल चढलो होतो.

इंजिन बंद करून थोडे निवू दिले, बाटली काढली, झाकण घट्ट लावले, बाजूच्या छोट्या टाकीत खुणेपर्यंत पाणी भरले. कॅन परत करायला गेलो तेव्हा काका बैलांजवळ बसले होते. माठातले पाणी दिले आणि विचारले, "निंघाली काय हवा?"

"निघाली काका. तुमच्या पंपासारखीच."

"मंग! हवा काहाची बी असो, तिले वाट द्या लागते." पैशांचा विषय मी काढला तर ते चक्क रागावले. "पान्याचे पैसे घेत नसतात भाऊ."

चांदूरला चहापुरता थांबलो. स्टेशनाजवळ उभा होतो तेव्हा एक लांबलचक मालगाडी न थांबता निघून गेली. वाफेच्या काळात अशा प्रवासात इंजिनाला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी घ्यावे लागे. आता विजेचे इंजिन मागे वळूनही पाहत नाही. धामणगावला पोहोचलो तेव्हा असरची अजान होत होती. अम्मी दारातच बसली होती. "इतनी देर लगा दी बेटा?" मी म्हणालो, "गाड़ी में हवा भर गई थी अम्मी." ती हसली. तिला वाटले, मी चाकाबद्दल बोलतोय.

येताना काटा एकदाही हलला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी फजरनंतर, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडून पाहिले. पाणी बोटभर खाली गेले होते. रात्रीतून उरलीसुरली हवा वर आली होती. तेवढे भरले. हे शेवटचे पाहणे बरेच जण विसरतात. ऑपरेशन अल्लाहच्या कृपेने नीट झाले. त्याच आठवड्यात बोअरचे पाणी काढून टाकून त्या जागी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरून घेतले, कारण आपल्याकडच्या पाण्यातला क्षार आत थर धरतो. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. ते जमिनीवर ओतू नये, मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडाशी येईल असे ठेवू नये. आणि एक गोष्ट: नव्या गाड्यांत दाबाची टाकी वेगळी असते, काहींत हवा काढायचा स्क्रू असतो, काहींना यंत्रच लागते. तेव्हा आपल्या गाडीचे पुस्तक आधी पाहावे. हवा काढूनही ती पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष हेडच्या गॅस्केटमध्ये असू शकतो. ते घरचे काम नाही.

जूनअखेर शाळा सुरू झाली. सहावीच्या वर्गात ग्लास उपडा करून बादलीत दाबला आणि या वेळी मुलांना चांदूरच्या पांदणीवरची गोष्टही सांगितली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, भरलेलं दिसत होतं, मग आत रिकामं आहे हे कळणार कसं?"

मी म्हणालो, "काठाकडे पाहून नाही कळत. गाडी तापली की कळतं. आणि शेतातल्या काकांना विचारलं की लवकर कळतं."